मामांची नाडी ७२ होती ती गोळीमुळंच

रविवारी सकाळी मामींचा फोन, "तुझ्या मामांनी बीपीची गोळी सोडलीय, तू जरा ये." शाहूपुरीत गेलो तर मामा पेपर वाचत बसलेले. मला बघितल्याबरोबर मनगट पुढं केलं, "मोज." टेबलावर गोळ्यांची पट्टी, त्यातल्या नऊ तशाच.

कारण तो मेसेज. माझ्याकडं पण तीन ग्रुपवरनं येऊन गेलाय. त्यात म्हणे, नाडी ७२ असली की हृदय ठणठणीत, मग बीपी १७० असो नाहीतर १८०. वय अधिक १०० एवढं बीपी नॉर्मलच. जास्त बीपीची रेघ १४० वरनं १३० वर औषध कंपन्यांनी आणली. गोळ्या बंद करा, उपाशीपोटी लसूण खा. खाली 'एका हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला', नाव नाही गाव नाही.

आता मामांची गोळी कसली तर मेटोप्रोलॉल. तिचं कामच ठोके कमी करायचं. म्हणजे गोळीनं नाडी ७२ वर आणून ठेवली आणि हा शहाणा म्हणतोय नाडी ७२ आहे ना, मग गोळी कशाला! छत्रीखाली कोरडा राहिलेला माणूस छत्री फेकून देतो तशातला प्रकार. बरं ही गोळी एकदम सोडली की इतके दिवस दाबून ठेवलेले ठोके उसळतात, बीपी पण चढतं, आणि ज्याच्या हृदयाच्या नळ्यांत आधीच ब्लॉकेज आहे त्याला छातीत दुखण्यापासून थेट अटॅकपर्यंत काहीही होऊ शकतं. औषधाच्या माहितीपत्रकातच तसा इशारा असतो. बंद करायचीच झाली तरी डॉक्टर एक-दोन आठवडे डोस उतरवत नेतात.

मी मोजली. ९६ भरली. मामा म्हणाले, "तू जिना चढून आलास ना." अहो मामा, जिना मी चढलो, नाडी तुमची!

मशीन लावलं तर १७२/९६.

नाडी आणि बीपी एकमेकांशी जोडलेले आहेत पण एक नाहीत. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतंय आणि पुढं नळ्या किती आवळलेल्या आहेत, या दोन्हीवर बीपी ठरतं, नाडी त्यातल्या पहिल्या भागाचा फक्त एक तुकडा. शेतातली मोटर तीच, पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबलं की प्रेशर वाढतंच की. हृदयावरचा भार ढोबळमानानं काढायला वरचं बीपी गुणिले नाडी करतात. १२० गुणिले ७२ म्हणजे ८,६४०. १७० गुणिले तेच ७२ म्हणजे १२,२४०. नाडी जागची हलली नाही आणि काम चाळीस टक्क्यांच्या वर वाढलं. आणि ७२ हा काही देवानं दिलेला आकडा नाही, बसल्या जागी ६० ते १०० नॉर्मल धरतात, साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला यवतेश्वर घाट पळत चढणाऱ्यांची पन्नासच्या आसपास पण असते.

वय अधिक १०० म्हणजे ६८ वर्षांच्या मामांना १६८ चालेल. कुणी सांगितलं? २००२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ६१ अभ्यास एकत्र करून दहा लाख लोकांचा हिशोब छापलाय. चाळीस ते एकोणसत्तर वयात वरचं बीपी दर २० नं वाढलं की स्ट्रोकनं किंवा हृदयविकारानं मरायचा धोका दुप्पट, आणि ही चढण ११५ पासनंच सुरू होते. एवढा एक आकडा डोक्यात ठेवला तरी बास.

एक मान्य करतो, बसल्या जागी नाडी सतत जोरात असणं चांगलं लक्षण नाही, ज्यांची जास्त त्यांना हृदयाचा त्रास जास्त असं दिसलंय. पण म्हणून नुसती नाडी खाली आणून भागत नाही. २०१४ च्या सिग्निफाय नावाच्या औषध चाचणीत एकोणीस हजारावर हृदयरोग्यांत इव्हाब्रॅडीन या गोळीनं, जी फक्त ठोके कमी करते, नाडी उतरवून बघितली, अटॅक आणि मृत्यू काही कमी झाले नाहीत.

१३० चं म्हणाल तर अमेरिकेनं २०१७ ला रेघ खाली आणली हे खरं, डॉक्टरांतच त्यावर वाद झाले. पण १७० कुणाच्याच रेघेत बसत नाही. लसूण खा की, ठेच्यात खा, मीठ तेवढं कमी टाका.

डॉक्टरांना तिथनंच फोन लावला, त्यांनी संध्याकाळी बोलावलं, गोळी परत चालू झाली. मामांना म्हटलं तो मेसेज आता डिलीट तरी करा. तर म्हणतात, "माझा करतो रे, पण साडूला पाठवलाय त्याचं काय." साडू वाईला असतात, त्यांना दोन स्टेंट आहेत आणि फोन उचलत नाहीत. म्हणून हे सगळ्या ग्रुपवर टाकतोय, वाईचं कुणी असेल तर पुढं ढकला.