'एकट्या आईची पोरं बिघडतात' म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरच्या ग्रुपवर मागच्या आठवड्यात एक लांबलचक मेसेज पडला, 'एकट्या आईच्या मुलांचं भविष्य, प्रत्येकाने वाचावं'. तिच्या जावेनेच टाकला होता. खाली सगळ्यांचे हात जोडलेले, 'अगदी खरंय' वगैरे. बहिणीचा नवरा २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला, मुलगा आता पाचवीत आहे. तिने तो मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, "ताई, माझं काही चुकतंय का गं?" तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही माझं. नोकरी, डबा, अभ्यास, सासूबाईंची औषधं सगळं एकटीने ओढणाऱ्या बाईला हे असलं काहीतरी वाचायला लावता तुम्ही?

मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगते. ८५ टक्के गुन्हेगार बिनबापाच्या घरातले असतात. घरात पुरुषाचा धाक नसला तर मुलगा एकतर बुळा होतो नाहीतर गुंड. थोर माणसं पूर्ण कुटुंबातच घडली. मुलाला बाप गेल्याचं किंवा सोडून गेल्याचं सांगू नये, 'कामासाठी लांब गेलेत' म्हणावं. आणि मुलगा जरा मोठा असेल तर त्याला रोज 'आता तूच घरातला कर्ता' असं सांगावं म्हणजे तो लवकर शहाणा होतो.

आधी ते ८५ टक्के. कुठल्या देशातले, कुठल्या वर्षातले, कोणी मोजले, काही नाही. भारतात पोलिसांनी पकडलेल्या अल्पवयीन मुलांची आकडेवारी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग (एनसीआरबी) काढतो. त्यात मुलं कुठे राहत होती याचे गट आहेत, पालकांसोबत, इतर कोणाकडे, आणि बेघर. बहुसंख्य मुलं 'पालकांसोबत' या रकान्यातच असतात आणि पालक एक की दोन हे तिथे मोजलेलंच नाही. मग हा आकडा आपल्याकडे आणला कोणी?

आता यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. मेव्हिस हेदरिंग्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी व्हर्जिनिया विद्यापीठात जवळपास १,४०० कुटुंबांचा कित्येक वर्षं पाठपुरावा केला. घटस्फोट झालेल्या घरांतल्या साधारण २५ टक्के मुलांना पुढे गंभीर मानसिक किंवा सामाजिक अडचणी आल्या, आईवडील एकत्र असलेल्या घरांत हेच प्रमाण १० टक्के. म्हणजे धोका जास्त आहे, नाही कशाला म्हणू. पण त्याच अभ्यासात चारातली तीन मुलं नीट उभी राहिलेली दिसली, हे फॉरवर्डवाले सांगत नाहीत. अभ्यास अमेरिकेतला आहे, घटस्फोटावरचा आहे, आपल्याकडच्या विधवा बाईच्या घराला जसाच्या तसा लागू होणार नाही हे मलाही कळतं. तरी मुलांना कशाने त्रास होतो ते दोन्हीकडे ओळखीचंच आहे. घरातला पैसा अचानक आटतो, घर बदलतं, शाळा बदलते, आईबापांची भांडणं मुलांच्या डोक्यावरून चालू राहतात, आणि जो पालक उरतो तो थकून इतका चिडचिडा होतो की मुलाशी धड बोलणंही होत नाही.

थोर माणसांचं तर बोलूच नका. जोतिबा फुल्यांची आई ते तान्हे असताना वारली, सगुणाबाईंनी वाढवलं त्यांना. बाबासाहेब लहान असताना भीमाबाई गेल्या, आत्या मीराबाईंनी सांभाळलं. शाळेत शिकलात ना हे?

पुरुषाच्या धाकाचंही तसंच. आजूबाजूला चांगली पुरुष माणसं असावीत, मामा, काका, कबड्डीचे सर, कोणीही, हे मला पटतं. पण ती प्रेमाने वेळ देणारी हवीत. मुलाने ज्याच्या पावलांचा आवाज ऐकून गप्प बसावं असा माणूस घरात आणून कुठलं मूल निकोप होतं?

आणि आता ते शेवटचे दोन सल्ले, ज्यांच्यामुळे मी खरी भडकलेय. आधी तर ते एकमेकांशीच जुळत नाहीत. बाप कामाला लांब गेलाय म्हणायचं आणि पोराला कर्ता म्हणून बसवायचं, मग त्याने विचारलं बाबा येणार आहेत तर कर्ता मी कसा, तर काय सांगणार? लहान मुलाला खरं सांगितलं नाही तर ते स्वतःच कारण शोधतं, आणि बहुतेक वेळा कारण म्हणून स्वतःलाच धरतं, मी हट्ट केला म्हणून बाबा गेले, मी मार्क कमी आणले म्हणून येत नाहीत. 'बाबा झोपलेत' सांगितलेली मुलं रात्री आईला झोपू देत नाहीत, कारण झोपलं की माणूस परत उठत नाही असं त्यांना वाटायला लागतं. साध्या शब्दांत सांगा, बाबा आजारी पडले, डॉक्टरांनी प्रयत्न केले, ते वारले, आता परत येणार नाहीत, आणि यात तुझी काहीच चूक नाही. घटस्फोट असेल तर आमचं दोघांचं पटलं नाही, तू आमचा दोघांचाही आहेस. हे एकदा सांगून भागत नाही, मूल मोठं होतं तसं नव्याने विचारतं, तेव्हा पुन्हा सांगावं लागतं.

आणि 'तूच कर्ता'! भाऊजींच्या दहाव्याला घाटावर पाच-सहा वर्षांच्या त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून मोठमोठी माणसं हेच म्हणत होती, आता आईला तूच सांभाळायचं, रडायचं नाही. तो खरंच रडायचा थांबला. सगळे म्हणाले किती शहाणा. नंतर कितीतरी महिने तो शाळेतून आला की आधी आईचा चेहरा बघायचा, ती गप्प असली की जेवायचा नाही, सहलीला जायचं नाही म्हणायचा कारण आई एकटी राहील. याला तुम्ही शहाणपण म्हणता? ते मूल घाबरलेलं आहे. मोठ्या माणसाचं ओझं त्याच्या अंगावर टाकलं की त्याचं रडणं, हट्ट करणं, चुका करणं सगळं आत जातं आणि मग पंधराव्या-सोळाव्या वर्षी राग होऊन बाहेर येतं, तेव्हा हेच लोक म्हणणार, बघा बिनबापाचा बिघडला. आईने मुलासमोर रडू नये असंही नाही. रडावं, पण 'मला वाईट वाटतंय, मी मावशीशी बोलेन, तू खेळायला जा' एवढं त्याला कळू द्यावं. बहिणीने हळूहळू हेच केलं, शाळेतल्या काउन्सेलर मॅडमनी सुचवलं होतं, आणि यंदा पोरगा सहलीला गेला, बूट हरवून आला, आईचा ओरडा खाल्ला, उलट उत्तरही दिलं.

बाकी 'आईच्या नावाला किंमत नाही' वगैरे ओळी होत्या त्यावर वेळ घालवत नाही, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारनेच आईचं नाव बंधनकारक केलंय.

त्या जाऊबाईंना आणि ग्रुपवरच्या सगळ्यांना एकच सांगणं, तुम्हाला खरंच मुलाची काळजी असेल तर रविवारी दोन तास त्याला घेऊन जा म्हणजे आई झोपेल. राज्य सरकारच्या बाल संगोपन योजनेत एका पालकाच्या मुलांसाठी महिन्याला २,२५० रुपये मिळतात, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा असतो आणि कागदपत्रांसाठी खेटे घालावे लागतात, त्यात तिच्याबरोबर जा. आईला स्वतःलाच बोलायला कोणी हवं असेल तर १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्यासाठीची हेल्पलाइन फुकट आहे. ग्रुपवर टाकायचंच असेल तर हा नंबर टाका.