खुलासा: एचडी डीव्हीडी साध्या ब्लू-रे प्लेअरवर चालत नाही

एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे म्हणजे जास्त स्पष्ट चित्राचे सिनेमे साठवणाऱ्या, एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या दोन प्रकारच्या चकत्या. ठाणे आणि ऐरोली-वाशीकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "२००८ मध्ये एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे एक झाले. दोन्ही निळ्या लेझरच्या, त्यामुळे जुन्या एचडी डीव्हीडी बिनधास्त घ्या, ब्लू-रे प्लेअरवर चालतील."

हे खरं नाही. लेझरपुरतं बरोबर आहे, दोन्हींत ४०५ नॅनोमीटरचाच लेझर असतो. पण चकतीची रचनाच वेगळी. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून ०.१ मिलिमीटरवर, तर एचडी डीव्हीडीत डीव्हीडीसारखा ०.६ मिलिमीटर आत असतो. म्हणून प्लेअरची भिंगं वेगळी लागतात. एका थरात ब्लू-रेवर २५ जीबी मावतात, एचडी डीव्हीडीवर १५.

आणि दोन्ही एक कधीच झाले नाहीत. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ब्रदर्स या सिनेमा कंपनीने फक्त ब्लू-रेची बाजू घेतली; १९ फेब्रुवारीला एचडी डीव्हीडीमागची मुख्य कंपनी तोशिबाने एचडी डीव्हीडी बंद करत असल्याचं स्वतः जाहीर केलं. ही सरळ माघार होती.

गैरसमज समजण्यासारखा आहे, कारण दोन्ही चालवणारे मोजके प्लेअर निघाले होते. काही एचडी डीव्हीडींच्या दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडीही असायची, तेवढी बाजू ब्लू-रे प्लेअरवर सहसा लागते. तुमच्याकडच्या जुन्या डीव्हीडीही लागतील, त्या टाकून देऊ नका.

जुन्या चकत्या विकत घेताना वेष्टनावरचं चिन्ह आधी बघा. लोकांचे पैसे वाया जाताना वाईट वाटतं, म्हणून कळकळीने सांगतो: तो मेसेज पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.