‘ढ’ पोरांची शाखा

परवा दुकानात एक पोरगा आला. बी.ई. मेकॅनिकल. “काका, हाताखाली घ्या, पगाराचं नंतर बघू.” सांगली जिल्ह्यात पलूसला माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं दुकान आहे. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की पंप जळतात आणि पायरीवर मोटारींची रांग लागते. त्याला म्हटलं, ही जळकी कॉइल काढ बघू. हात कुठं घालायचा तेच त्याला कळेना. चार वर्षं आणि बापाचं अर्धा एकर गेलंय त्यात.

मी एमसीव्हीसीवाला, म्हणजे अकरावी-बारावीच्या व्यवसाय शाखेचा. दहावीला ४८ टक्के पडले तेव्हा घरात सुतक पडल्यागत झालं होतं. “ढ पोरांची शाखा,” माझे वडील, आण्णा, म्हणाले. खरं तर ती शाखा ज्या धोरणातून आली ते १९८६ चं राष्ट्रीय शिक्षण धोरण म्हणत होतं, की १९९५ पर्यंत अकरावी-बारावीची २५ टक्के पोरं व्यवसाय शिक्षणाकडं वळावीत. पण त्याआधी तीनच वर्षं, १९८३ ला, आपल्याच जिल्ह्याच्या मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडून दिलं होतं. आईबापांनी कुठलं दार धरलं हे सांगायला नको. दादांना मी दोष देत नाही. त्या दारातनं गेलेल्या पहिल्या पोरांनी पुण्यात फ्लॅट घेतले. नंतर मात्र त्याच दारात चेंगराचेंगरी झाली.

आणि इकडं? २०२० च्या नव्या धोरणातच जुना आकडा दिलाय: १९ ते २४ वयाच्या कामकऱ्यांत रीतसर व्यवसाय शिक्षण घेतलेले ५ टक्क्यांहूनही कमी. दक्षिण कोरियात ९६.

माझ्या मते घोडं पेंड खातं ते सोयरिकीत. माझा इंजिनिअर चुलतभाऊ पुण्यात खोलीचं भाडं भागवत होता तेव्हा मी दुकानाचा गाळा विकत घेतला. तरी मला पोरगी द्यायला नऊ घरांनी नकार दिला. (दहाव्या घरानं दिली. तिच्या बापाची मोटार मीच भरली होती.)

म्हणून नव्या धोरणातली एक गोष्ट मला पटते: सहावीपासून सगळ्यांनाच हाताचं काम. सगळेच करणार म्हटल्यावर ढ कोण? कर्मवीर भाऊराव पाटलांनी शेजारी साताऱ्यात हेच केलं. बोर्डिंगातली सगळ्या जातींची पोरं एकत्र राबत होती, हुशार पोरंसुद्धा. कमी मार्क पडले म्हणून कुणाच्या हातात खोरं दिलं नव्हतं.

पण शिकवणार कोण? गेल्या वर्षी एका शाळेनं ‘दप्तराविना’ दिवसाला मला बोलावलं. साठ पोरं, चाळीस मिनिटं, एक मोटार. सातवीतल्या एका पोरीनं विचारलं, “काका, जळालेली तार काय भावानं विकता?” तीस वर्षांत एवढा नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. धंद्याचं अर्धं गणित त्या तांब्याच्या मोडीत असतं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सर म्हणाले, “चला, फोटो.”

बी.ई.वाला सोमवारपासून येतोय. पगार पहिल्या महिन्यापासून देणार आहे, आण्णांना पटलेलं नाही.