एंडोस्टॅटिनबद्दल थोडं

तुमच्या लेखात लिहिलंय की एंडोस्टॅटिन हे 'नैसर्गिक' प्रोटीन कॅन्सरच्या गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखतं म्हणजे कॅन्सर बरा होतो, पहिलं बरोबर आहे पण गाठी आटल्या त्या उंदरांच्या. १९९७ मध्ये बोस्टनला शास्त्रज्ञ फोकमन यांच्या लॅबने शोधलेला हा आपल्याच शरीरातल्या कोलॅजन १८ या प्रोटीनचा तुकडा, माणसांवरच्या ट्रायलमध्ये फार काही हाती लागलं नाही. चीनने २००५ मध्ये त्याचं बदललेलं रूप फुफ्फुसाच्या कॅन्सरला मंजूर केलं, तेही केमोसोबत. आमच्या कोथरूडच्या मावशीला बेव्हॅसिझुमॅब चालू होतं, तेही रक्तवाहिन्याच रोखतं पण वेगळ्या वाटेने, तर दर ड्रिपच्या आधी सिस्टर बीपी बघायच्या आणि लघवीतलं प्रोटीन तपासायला लावायच्या, कारण या औषधाने दोन्ही वाढू शकतं. प्लीज, 'नैसर्गिक' वाचून कोणी चालू केमो सोडेल, म्हणून 'केमो सोडू नका' एवढी एक ओळ लेखात घालाच.