हरलेल्या लढाईचे कागद

आमच्या घरात पणजोबांच्या धाकट्या भावाची गोष्ट एका वाक्यात संपते. "परशराम बगदादला गेला." पुढचं विचारलं की आज्जी फुंकणी घेऊन चुलीकडे वळायची. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या आसपासच्या दोन-तीन गावांतही असा एकेक बगदादला गेलेला माणूस आहे.

गेली दोन वर्षं मी त्याला कागदांत शोधतोय. पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१५ मध्ये, इंग्रजांच्या हिंदी फौजेच्या सहाव्या पुणे डिव्हिजनने बगदादच्या अलीकडे टेसिफोनला तुर्कांकडून मार खाल्ला, मागे फिरली आणि कूत-अल-अमारा गावात कोंडली गेली. १४७ दिवसांचा वेढा, आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० माणसं शरण. त्यांत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. बगदाद जिंकायला निघालेले बगदादला पोचले ते कैदी म्हणून. आज्जीचं वाक्य तसं खोटं नव्हतं.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरवरून जाताना आपली छाती फुगते (सेंटर बेळगावात आलं १९२२ साली, कूतच्या नंतर). पण कूतचं नाव काढलं की सगळे गप्प. हार सांगायला आपल्याला लाज वाटते. माझा अनुभव उलटा आहे. जिंकलेल्या लढाईचं पदक मिळतं, हरलेल्या लढाईची चौकशी होते, आणि माणसं सापडतात ती चौकशीच्या कागदांत. या मोहिमेची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया (म्हणजे आजचा इराक) कमिशनचा अहवाल १९१७ मध्ये आला. बोटी कमी, औषधं कमी, जखमींचे हाल, सगळं छापलं गेलं. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनना खुर्ची सोडावी लागली.

मात्र ते कागद वाचताना तोंड कुणाचं आहे ते बघायला लागतं. गावात दडवलेलं धान्य सापडलं, दळायची सोय नव्हती, तर दळायचे दगड विमानातून टाकले. हे वाचून मी कितीतरी वेळ आमच्या परसातल्या जात्याकडे बघत बसलो. पुढे राशन घटलं, घोडी कापली गेली. हिंदी शिपाई कितीतरी दिवस ते मांस खाईनात. स्कर्व्हीनं हिरड्या सडल्या तरी खाईनात. कूतमधल्या फौजेचा सेनापती जनरल टाउनशेंड, त्याच्या लिहिण्यात ही शिपायांची अडचण म्हणून येते. जात बाटली तर गावात पुन्हा पंगतीला कोण बसवून घेणार, ही त्या पोराची भीती कुठल्या तारेत नाही. ती आपण आपल्या डोक्यानं भरायची. शरणागतीनंतर टाउनशेंडसाहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले, शिपाई वाळवंटातून चालत गेले आणि रेल्वेच्या कामाला जुंपले गेले.

या मोहिमेत मेलेल्यांच्या बसऱ्याच्या स्मारकाच्या दगडावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी शिपायांचे नुसते आकडे. नावं रजिस्टरात राहिली. ते रजिस्टर आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर फुकट बघायला मिळतं. शोधणाऱ्यांना एकच सांगतो, स्पेलिंगच्या नादी लागू नका, मोठ्यानं वाचा. कारकुनानं कानाला लागलं तसं लिहिलंय. परशराम कुठे पार्सराम, कुठे परसू. पत्ता 'बेळगाव, बॉम्बे'. सीमाप्रश्नावर तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, तिथे आपण अजून मुंबई इलाख्यातच आहोत!

मला तीन परशराम सापडले. एकाच्या पुढे आमच्या गावासारखं वाचता येईल असं काहीतरी आहे आणि 'अमुकचा नवरा' म्हणून बायकोचं नाव. ते जुळवायला मी आत्तीला फोन लावला. आता नव्वदीला टेकलीय ती.

"परशरामच्या बायकोचं नाव काय होतं गं?"

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "तिला सगळे बगदादवालीच म्हणायचे की. नाव कोण घेतंय तिचं?"