आमची ई-क्लास पडीक नाही हो

परवा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी एक जुना फोटो टाकला. आमची ई-क्लास, जुलै महिना, आणि सहा जण एकाच रोपट्याला हात लावून कॅमेऱ्याकडे पाहून राहिलेत. त्या सहात मी पण आहे, डावीकडून दुसरा, टोपीवाला. म्हणजे पुढं जे लिहितोय त्यात पहिला हिशेब माझाच आहे.

(पुण्याकडच्या मित्रांसाठी: ई-क्लास म्हणजे तुमचं गायरान. आमच्या वऱ्हाडात महसुलाच्या कागदावरचं नावच लोकांच्या तोंडी बसलं.)

तो काळ आठवत असेल. सरकारी वृक्षलागवडीची मोहीम. २०१६ मध्ये राज्यात २ कोटी झाडं, पुढच्या वर्षी ४ कोटी, मग १३, आणि २०१९ ला ३३ कोटी. आकडा दरवर्षी फुगत होता आणि गावागावाला टार्गेट येत होतं. शेतात कोणी जागा देईना, म्हणून सगळ्यांची नजर ई-क्लासवर. जेसीबी आला, दोन दिवसांत माळभर खड्डे. खालचा मुरूम वर आला, वरची बोटभर माती खाली गेली. माझे मोठेबाबा बैल घेऊन चालले होते, ते थांबले. म्हणाले, "अरे, गवत कायले खोदून रायले बे? झाडं लावाले दुसरी जागा नाई भेटली का?" मी त्यांना तिथंच उभं राहून ग्लोबल वॉर्मिंग समजावून सांगितलं. पुतण्या शिकलेला, म्हणून त्यांनी ऐकून घेतलं. मग बैलांना हाकलत निघून गेले.

आता त्या जागेवर काय आहे? कुंपणाच्या कडेनं गिरिपुष्पाची एक रांग जगली. त्याला जनावर तोंड लावत नाही म्हणून जगली. करंज आणि निंब पहिल्याच मे महिन्यात गेले. खड्ड्यांच्या काठाकाठानं तरोटा आणि गाजरगवत माजलं, कारण उकरलेली माती त्यांना फार आवडते. पवन्या, मारवेल, शेडा ही चाऱ्याची गवतं मात्र गेली. कुसळी राहिली थोडी, तीही खडकाळ टेकाडावर.

मोठेबाबांचं बरोबर होतं हे कळायला मला चार-पाच वर्षं आणि बरंच वाचन लागलं. झाडाचा कार्बन बराचसा खोडाफांद्यांत, म्हणजे जमिनीवर असतो. झाड तोडलं, वाळलं, जळलं की तो परत हवेत. गवताचं उलट आहे. त्याची बहुतेक कमाई मुळांत आणि मातीत जमा होते. वर कापा, चारा, एखाद्या वेळी जळूही द्या, मृगाचा पाऊस पडला की ते परत फुटतं आणि खालची ठेव बऱ्यापैकी शाबूत राहते. ती ठेव मोडायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जमीन नांगरणं किंवा खणणं. आम्ही कार्बन साठवायला म्हणून जेसीबीनं नेमकं तेच केलं.

आणि ठेव काही एकट्या गवताची नसते. मारवेल, शेडा, कुसळी यांची मुळं वेगवेगळ्या खोलीवर जातात. शेणकिडे शेण मातीत नेतात, वाळवी वाळकं गवत नेते. किड्यांवर तितर जगतात, तितरावर ससाणा. यातलं निम्मं काढून टाकलं तर मातीत काही जमा व्हायचं थांबतं. हे माझं मत म्हणा, पण हवामानावरची आयपीसीसी आणि जैवविविधतेवरची आयपीबीईएस या दोन आंतरराष्ट्रीय संस्था पहिल्यांदाच एकत्र बसल्या, त्यांच्या जून २०२१ च्या अहवालात साफ लिहिलंय: जिथं मुळात जंगल नव्हतं तिथं झाडं लावून जैवविविधतेचं नुकसान होऊ शकतं. दोन्ही प्रश्न एकत्रच सोडवावे लागतील, हा त्या अहवालाचा गाभा.

तणमोर मी लहानपणी एकदा पाहिलाय. की पाहिल्यासारखं वाटतं, आता सांगता येत नाही. पावसाळ्यात नर गवताच्या वर सरळ उडी मारतो, क्षणभर दिसतो, परत गवतात गडप. मादीला दिसावं म्हणून ही सगळी कसरत. वाशिम-अकोल्याचे माळ हे या पक्ष्याच्या शेवटच्या काही जागांपैकी. जगातून नष्ट व्हायच्या काठावरच्या यादीत आहे तो. त्याच्या माळावर एकरी चारशे झाडं लावली तर त्यानं उडी मारायची कुठं?

चारशे हा आकडा हवेतून आणला नाही. झाडं लावण्याच्या बदल्यात 'क्रेडिट' देणाऱ्या केंद्राच्या ग्रीन क्रेडिट योजनेच्या फेब्रुवारी २०२४ च्या नियमात हेक्टरी किमान १,१०० झाडं होती, म्हणजे एकरी साधारण ४४५. आणि लावायची कुठं, तर विरळ जंगल, झुडपी जमीन, पडीक जमीन. पुढं नियम बदलले ते चांगलंच झालं. पण 'पडीक' हा शब्द कागदावरून हटत नाही. इंग्रजांच्या काळापासून ज्या जमिनीचा सारा येत नाही ती पडीक. ज्या जमिनीवर गावची दोनशे जनावरं पोसली जातात ती पडीक कशी, हे मला कोणी समजावून सांगा.

देशानं जगाला शब्द दिलाय की २०३० पर्यंत जादा जंगल आणि वृक्षाच्छादनातून २५० ते ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड शोषून घेऊ. चांगलं आहे. पण या हिशेबात झाड मोजलं जातं, गवत मोजलं जात नाही. त्यात आमच्याच विदर्भात चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचं कोळशावरचं वीज केंद्र. धूर तिकडं, खड्डे इकडं. कोळसा तसाच जळत राहणार असेल तर ई-क्लास काय, अख्खा वाशिम जिल्हा खोदला तरी पुरणार नाही.

झाडांचा मी वैरी नाही. अमरावतीचं पायविहीर बघा. उजाड झालेलं जंगल २०१२ ला सामूहिक वनहक्कात गावाच्या हाती आलं, लोकांनी ते राखलं, आता तिथली सीताफळं बाजारात जातात. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला तर २००९ लाच हक्क मिळाला. तिथं मुळात जंगलच होतं, तर झाडच हवं. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत ढिवर समाजाच्या बायका बेशरमाची झुडपं उपटून काढतात आणि पाण्यातल्या देशी वनस्पती लावतात, म्हणजे मासोळी परत येते. तिथं तलावच हवा, काठावर निलगिरी नको. आधी तिथं काय होतं एवढं विचारलं असतं तरी आमचा माळ वाचला असता.

आणि विचारायचं कोणाला, तेही सांगतो. आमच्याकडं गवत सगळ्यात जास्त कळतं ते फासेपारधी मंडळींना. कोणत्या गवतात बटेर बसते, कोणत्यात तितर अंडी घालते, हे त्यांना पिढ्यानपिढ्या माहीत. शिकारीसाठी का असेना. कारंज्याच्या संवेदना संस्थेसोबत हीच माणसं आता माळ राखतात. आमच्या वृक्षारोपणाच्या दिवशी मात्र त्यांच्या वस्तीवर निरोप द्यायचं कोणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही.

पुढच्या ग्रामसभेत मी एक विषय मांडणार आहे. ई-क्लासच्या दहा एकरांत आखाडीपासून दिवाळीपर्यंत चराईबंदी. जेसीबी नाही, रोपं नाहीत, फलक नाही. पावसाळ्यात बाया-माणसांनी तरोटा फुलायच्या आत उपटायचा, त्याची मजुरी रोजगार हमीतून मिळते का ते बघायचं. गवत पिकून बी सांडलं की मग कापायचं. गिरिपुष्पाची रांग राहू द्या, तिनं कोणाचं काही बिघडवलं नाही.

विरोध होणार, माहीत आहे. ज्यांच्या दहा-बारा बकऱ्या आहेत आणि शेत नाही, त्यांनी चार महिने कुठं जायचं? याचं उत्तर माझ्याकडं अर्धंच आहे: उरलेली ई-क्लास मोकळी ठेवायची आणि कापलेल्या गवतात पहिला वाटा त्यांचा. मोठेबाबांना सांगितलं तर म्हणाले, "अन् वाटा कोन मोजन? तूच का?" मग जरा थांबून म्हणाले, "मी येतो सभेले. पन त्या फोटोतले सगळे आले पायजेत."

तर फोटोतल्या पाचही जणांना इथं टॅग करतोय.