संघ पळाला, सम्या अडून बसला

वाद पेटला तो पक्याच्या एका वाक्याने. "सम्या, तुझ्या त्या बेसबॉल टीमला आता आडनावसुद्धा उरलं नाही रे. नुसतं अ‍ॅथलेटिक्स. कुठले, विचारलं तर पत्ता नाही."

सम्याच्या डोक्यावर नेहमीची हिरवी टोपी होती, पुढे पिवळ्या अक्षरात 'ए'. कर्वे रस्त्यावर ही टोपी बघून लोकांना वाटतं, कुठल्या तरी बियाणं कंपनीने शेतकरी मेळाव्यात फुकट वाटली असावी. सम्याने ती काढली, झटकली, परत घातली. आता तासभर कुणी घरी जात नाही हे आम्ही ओळखलं.

"आडनाव मालकाने टाकलंय. आम्ही नाही टाकलं."

'आम्ही' म्हणजे ओकलंड, अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं शहर. सम्या नोकरीनिमित्त बरीच वर्षं फ्रीमाँटला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या पूर्वेचं हे गाव, तिथे मराठी माणूस शोधावा लागत नाही. बाकीची मंडळी शनिवारी मंडळाच्या कार्यक्रमाला जात, हा लोकल पकडून ओकलंडच्या कोलिझियमला बेसबॉल बघायला. क्रिकेटवर वाढलेला माणूस तिथे गेला आणि बाटला, असं शिरीषकाकांचं मत. सम्या म्हणतो, वर्षाला एकशे बासष्ट सामने, त्यातले एक्याऐंशी घरच्या मैदानावर. एवढ्यांदा भेटल्यावर कुणाशीही नातं जुळतं.

ज्यांनी हे प्रकरण ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अ‍ॅथलेटिक्स १९६८ पासून ओकलंडचा संघ. २६ सप्टेंबर २०२४ ला तिथला शेवटचा सामना झाला आणि संघाने मुक्काम हलवला. सध्या सॅक्रामेंटोच्या एका छोट्या मैदानात बिऱ्हाड आहे, तिथे जेमतेम चौदा हजार माणसं मावतात. २०२८ ला लास वेगासला नवं स्टेडियम होईल तेव्हा तिकडे गृहप्रवेश. मधल्या काळात संघ कुठल्याच गावाचं नाव लावत नाही. पक्या चिडवत होता ते यावरून. आणि सम्याने संघ गेल्यापासून एकही सामना बघितलेला नाही, टोपी मात्र उतरवलेली नाही. पक्याच्या डोक्यात जातं ते हे.

"एक काहीतरी ठरव," पक्या म्हणाला. "खरा फॅन असशील तर टीमच्या मागे जा. नसशील तर टोपी काढ. गिऱ्हाईक आहेस तू. मालकाने दुकान हलवलं. तुला काय शेअर दिले होते त्याने?"

पक्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याच्या बोलण्यात दुकान येणारच.

"गिऱ्हाईक?" सम्या म्हणाला. "तुम्ही वानखेडेवर ती लाट करता ना, उभं राहून, हात वर करून? ती पहिल्यांदा नोंदली गेली कुठे माहितीये? ओकलंडला. १५ ऑक्टोबर १९८१, न्यू यॉर्क यँकीजविरुद्धचा सामना. क्रेझी जॉर्ज म्हणून एक ढोलवाला होता, त्याने उठवली. गिऱ्हाईक करतं का असलं काही?"

"मेक्सिकन वेव्ह ना ती?" मी विचारलं.

"मेक्सिकोच्या वर्ल्डकपमध्ये जगाने बघितली म्हणून मेक्सिकन. त्याच्या पाच वर्षं आधी आमच्याकडे झालेली होती."

यावर पक्या थोडा वेळ गप्प बसला. थोडाच.

सम्या मग २००२ वर गेला. तो २००२ वर जातोच. यँकीज खेळाडूंच्या पगारावर सव्वाशे दशलक्ष डॉलर उधळत होते आणि ओकलंडकडे त्याच्या एक तृतीयांश पैसे. तरी लागोपाठ वीस सामने जिंकले. विसावा ४ सप्टेंबरला, कॅन्सस सिटी रॉयल्सविरुद्ध. तीन इनिंगनंतर ११-० आघाडी. रेडिओवर समालोचक बिल किंगचा आवाज, लोक हसतखेळत बसलेले. मग एकेक करत रॉयल्सनी नवव्या, म्हणजे एरवी शेवटच्या, इनिंगपर्यंत ११-११ केलं.

"अकरा शून्यावरून?" पक्याला राहवलं नाही.

"अकरा शून्यावरून. मग आमच्याकडून आला स्कॉट हॅटबर्ग. मूळचा कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर, कोपराची नस गेलेली, चेंडू फेकता येईना म्हणून कुणाला नको झालेला. आम्ही त्याला पहिल्या बेसवर, धावण्याच्या पहिल्या टप्प्यावर, उभा केलेला. त्याने मारला तो थेट बाहेर. १२-११. पंचावन्न हजार लोक होते रे!" सम्याने हात एवढा जोरात फिरवला की कटिंगचा ग्लास पडता पडता वाचला.

शिरीषकाकांनी इथे पेपर खाली ठेवला. काका रेल्वेतून निवृत्त, वेळापत्रक आणि इतिहास या दोन गोष्टींत त्यांना कुणी हरवत नाही. सम्याशी वाद घालायला मिळावा म्हणून बेसबॉलही त्यांनी वाचून काढलाय.

"समीर, तू म्हणतोस मालकाने संघ पळवला. मान्य. पण १९६८ ला तो ओकलंडला आला कुठून? आकाशातून पडला का?"

"कॅन्सस सिटीहून," सम्या हळूच म्हणाला.

"आणि तिथे?"

"१९५५ ला फिलाडेल्फियाहून."

"म्हणजे ज्याला तू 'आमचा' म्हणतोस तो दोन गावांचा चोरीचा माल. मूळचा १९०१ चा, फिलाडेल्फियाचा. पाच वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अजिंक्यपदं, त्यांनी तिथे जिंकली. ओकलंडला किती?"

"चार. बहात्तर, त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर, एकोणनव्वद."

"म्हणजे तुझ्यापेक्षा फिलाडेल्फियाचा हक्क एकाने जास्त."

पक्याने टाळी मागितली, काकांनी दिली नाही. काका दोन्ही बाजूंना झोडतात.

हा मुद्दा बिनतोड होता आणि सम्याला तो बोचला हे दिसत होतं. कुठल्याही व्यावसायिक संघाच्या भक्ताला हा प्रश्न कधी ना कधी येतोच, आणि बहुतेक जण मोठ्याने ओरडून तो टाळतात. सम्याने टाळला नाही.

"काका, चोरीचा असेल. पण त्यांच्या माणसांनी जेवढा सांभाळला तेवढा तो त्यांचा होता, मग आम्ही सांभाळला तेवढा आमचा झाला. रिकी हेंडरसन ओकलंडमध्ये वाढलेला पोरगा. एक हजार चारशे सहा बेस चोरले त्याने आयुष्यात, म्हणजे चेंडू मारलेला नसताना पळून पुढचा टप्पा गाठला, आजही कुणी जवळपास नाही. तो कॅन्सस सिटीचा कसा होईल? आणि वेगासचा तरी कसा होईल?"

"अरे पण स्टेडियमची काय अवस्था होती ते पण सांग की," पक्या म्हणाला. एवढ्या वर्षांत सम्याच्याच तोंडून ऐकलेली माहिती तो सम्यावर उलटवत होता. "२०१३ ला ड्रेसिंग रूममध्ये गटाराचं पाणी भरलं होतं, तूच सांगितलंस. खेळाडू अंघोळीला दुसऱ्या मजल्यावर. शेवटी शेवटी प्रेक्षक सरासरी दहा हजार. धंदा कसा करायचा माणसाने?"

"प्रेक्षक का नव्हते विचार. जरा नाव झालं की खेळाडू विकायचे. २०२२ ला सिझनच्या तोंडावर ऑल्सन गेला, चॅपमन गेला. दुकानात माल ठेवायचा नाही आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून बोंब मारायची. तुझ्या दुकानात चालेल हे?"

पक्या हसला. दुकानाची भाषा त्याला लगेच कळते.

"आणि लोक येत नाहीत हे खोटं पाडलं आम्ही," सम्या म्हणाला आणि त्याचा आवाज बदलला. १३ जून २०२३ ची गोष्ट. संघ पार तळाला, त्या वर्षी पुढे एकशे बारा सामने हरला. मालक जॉन फिशर वेगासची बोलणी करतोय हे जाहीर झालेलं. अशा वेळी लोक बहिष्कार टाकतात. ओकलंडच्या चाहत्यांनी उलटा बहिष्कार काढला: एका मंगळवारी सगळ्यांनी यायचं. आणि आले. सत्तावीस हजार सातशे एकोणसाठ. अंगात हिरवे टीशर्ट, त्यावर एकच शब्द, 'सेल'. विकून टाक, पण इथेच राहू दे. पाचव्या इनिंगला पहिला फलंदाज असेपर्यंत अख्खं स्टेडियम ठरवून चिडीचूप बसलं. मग एकदम आवाज फुटला, संघ विका, संघ विका. उजव्या बाजूच्या बाकांवरचे ढोल, झेंडे. समोर टँपा बे, लीगमधला तेव्हाचा सगळ्यात तगडा संघ. २-१ ने जिंकलो.

"पुढे काय झालं?" काकांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"दोन दिवसांनी नेवाडाच्या गव्हर्नरांनी स्टेडियमसाठी अडतीस कोटी डॉलरच्या सरकारी पैशांवर सही केली. नोव्हेंबरमध्ये लीगमधल्या सगळ्या संघमालकांनी मतदान केलं. तीसपैकी तीस, जा म्हणाले."

"तीसच्या तीस?" गौरी इतका वेळ फोनमध्ये होती, ती वर बघून म्हणाली. गौरी वकील आहे. "म्हणजे स्पर्धकांनी एकमताने ठरवलं कोणी कुठे धंदा करायचा. आपल्याकडे कांद्याच्या व्यापाऱ्यांनी असं केलं तर केस होईल."

"तिथे नाही होत," काका म्हणाले. "१९२२ ला त्यांच्या सुप्रीम कोर्टाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली. शंभर वर्षं झाली, सूट कायम आहे."

"मग ओकलंडने भांडायला हवं होतं. नावावर तरी. क्लीव्हलंडने केलं ना तसं?" तिला अमेरिकन फुटबॉलचं बरं माहीत असतं. क्लीव्हलंडच्या ब्राउन्स संघाच्या मालकाने १९९५ मध्ये संघ बाल्टिमोरला न्यायचं जाहीर केलं, तेव्हा शहर कोर्टात गेलं. तडजोड झाली ती अशी: खेळाडू घेऊन जा, पण नाव, रंग आणि इतिहास शहराचा. बाल्टिमोरला वेगळ्या नावाने संघ उभा राहिला आणि १९९९ ला क्लीव्हलंडमध्ये ब्राउन्स परत खेळायला लागले. "आपल्याला काय पाहिजे ते करारात लिहून घ्यावं लागतं, सम्या. ढोल वाजवून नाही मिळत."

गौरीचं हे बोलणं कडू होतं, पण त्या संध्याकाळचं सगळ्यात कामाचं होतं, असं माझं मत. चाहत्याकडे सगळं असतं, कागद सोडून.

"आपण कुठे लिहून घेतलं होतं?" पक्या म्हणाला. यावर मात्र सगळेच हलले. कारण आयपीएलमध्ये पुण्याचा संघ दोनदा आला आणि दोनदा गेला. वॉरियर्स २०११ ते २०१३. मग सुपरजायंट, दोनच सिझन. २१ मे २०१७ ची फायनल हैदराबादला, समोर मुंबई. त्यांनी १२९ केल्या, आपण १२८. एका धावेने हरलो, आणि तो आपला शेवटचा सामना ठरला. कुणी उलटा बहिष्कार काढला? दुसऱ्याच वर्षी चेन्नईचे घरचे सामने गहुंज्याला आले आणि निम्मं पुणे पिवळं होऊन गेलं.

"मी पण गेलेलो," पक्याने सांगून टाकलं. "धोनी होता ना."

"बघ," सम्या म्हणाला. "हा फरक. तू खेळाडूच्या मागे जातोस. ते चूक नाही. पण मला सांगू नकोस मी टीमच्या मागे वेगासला जायला पाहिजे म्हणून."

"दोन वर्षांत काय जीव लागणार?" मी म्हणालो. "त्यांना छप्पन्न वर्षं मिळाली."

"छप्पन्न वर्षं आणि वर्षाला एक्याऐंशी संध्याकाळी," सम्या म्हणाला. "आपल्याला सात मिळायच्या."

मग त्याने शेवटच्या दिवसाचं सांगितलं, पण थोडक्यात. शेहेचाळीस हजार आठशे एकोणनव्वद लोक, टेक्सासला ३-२ ने हरवलं, सुरुवातीचा मानाचा चेंडू रिकी हेंडरसन आणि संघाचाच जुना खेळाडू डेव्ह स्टुअर्टने टाकला. तीन महिन्यांनी रिकी गेला. सामना संपल्यावर लोक मैदानाची माती घेऊन घरी गेले. सम्याने आणली का, असं गौरीने विचारलं. तो म्हणाला, माती घेऊन काय करू, कुंडीत घालू?

"मग आता बघतोस काय तू?"

"बॉलर्स."

हे नाव आम्हाला नवं होतं. संघ जाणार हे दिसल्यावर ओकलंडच्या लोकांनी स्वतःचा एक संघ काढला, ओकलंड बॉलर्स. २०२४ पासून खेळतो. मोठ्या लीगमध्ये नाही, पायोनियर लीग म्हणून एक स्वतंत्र लीग आहे, त्यात. वेस्ट ओकलंडमधलं रेमाँडी पार्क डागडुजी करून मैदान बनवलं. चाहत्यांना संघात थोडी थोडी मालकी विकत घेता येते. दुसऱ्याच वर्षी, २०२५ ला, त्यांनी ती लीग जिंकलीसुद्धा.

"म्हणजे गल्ली क्रिकेट," पक्या म्हणाला.

"जरा वरचं. पण गल्ली माझी आहे."

"आणि ही टोपी? ही तर त्या पळालेल्या कंपनीची."

"टोपीचे पैसे मी दिलेत," सम्या म्हणाला. पक्याला पटलं नाही. मलाही पूर्ण पटलेलं नाही. जो संघ आता बघायचा नाही त्याचं चिन्ह डोक्यावर कशाला, हे कोडंच आहे.

काकांना मात्र अजून एक खडा टाकायचा होता. "कॅन्सस सिटीचं राहिलं. १९६७ ला संघ गेला तेव्हा तिथल्या सिनेटरने, सिमिंग्टनने, लीगला दम भरला. तुमची कायद्यातली सूट काढतो म्हणाला. लीग घाबरली आणि १९६९ ला त्यांना नवा संघ दिला. तोच हा रॉयल्स. जाता जाता सिमिंग्टन असंही म्हणाला होता की हिरोशिमानंतर ओकलंडइतकं नशीबवान शहर झालं नाही. इतका त्याला संघाचा तेव्हाचा मालक नकोसा झाला होता."

"बापरे," गौरी म्हणाली.

"तेव्हा समीर, समज कॅन्सस सिटीत एक म्हातारा आहे. कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्सची सदुसष्टची टोपी घालून बसतो. त्याला तू काय सांगशील?"

सम्याने विचार केला. "सॉरी म्हणीन. आणि विचारीन, रॉयल्स बघता का?"

"बघतच असणार," काका म्हणाले. "२०१५ ला वर्ल्ड सिरीज जिंकलेत. आणि त्याच्या आदल्या वर्षी, ३० सप्टेंबरला, एका सामन्यात..."

"काका, ते नको."

"काय झालं होतं?" पक्या लगेच पुढे सरकला.

"नॉकआउट होता. आठव्या इनिंगला हे ७-३ ने पुढे होते," काका शांतपणे म्हणाले. "सामना लांबला आणि बाराव्यात रॉयल्सकडून ९-८ ने हरले. कॅन्सस सिटीत. त्यांनी सात बेस चोरले."

"म्हणजे म्हाताऱ्याने वसूल केलं!" पक्याने यावेळी टाळी मागितली आणि काकांनी दिली.

"कॅचर जखमी होऊन बाहेर गेला होता आमचा!" सम्या ओरडला. "पहिल्या काही इनिंगमध्येच! सांगतो, बसा, नीट सांगतो..."